मॉडिफाइड ६००डी: रात्र थंड होत जाते तसा फोकस सरकतो, डार्क जुळत नाहीत, दव धरतं

रोहिणीशकट

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, त्यामुळे सगळी माहिती एकदमच देतो.

ट्रॅकरवरून तेजोमेघांचे फोटो काढतो. कॅमेरा कॅनन ६००डी. सेन्सरपुढची एलपीएफ-२ ही निळसर काच काढलेली आहे, पुढची एलपीएफ-१ (धूळ झटकणारी) जागेवरच आहे. काढलेल्या काचेच्या बदली दुसरी बसवलेली नाही. लेन्स सॅमयांग १३५ एफ/२, ट्रॅकर स्टार अ‍ॅडव्हेंचरर २आय (कॅमेरा आकाशाबरोबर फिरवणारा), गाइडिंग (ताऱ्यावर नजर ठेवून ट्रॅकरची चूक सुधारणं) नाही. जागा जुन्नरच्या पश्चिमेला. जानेवारीत रात्री नऊला १७ अंश, पहाटे चारला ८. लक्ष्य रोझेट तेजोमेघ आणि मृगाच्या पट्ट्याखालचं अश्वशीर्ष. एफ/२, आयएसओ १६००, १२० सेकंदांच्या फ्रेम.

१. साडेनऊला फोकस चोख असतो. बाराच्या पुढे तारे फुगतात आणि त्यांना लाल कडा येते.
२. घरी काढलेले डार्क (लेन्स झाकून घेतलेल्या फ्रेम) वजा केले की चित्रात काळे ठिपके दिसतात. शिवाय तिरके रंगीत ओरखडे.
३. दीडच्या सुमारास पुढच्या काचेवर दव.
४. एक बॅटरी दोन तासही पुरत नाही.
५. प्रत्येक फ्रेम लालेलाल. मॉडिफिकेशन चुकलं का?

तिसरी_रेघ

पाचवा आधी निकालात काढू, कारण ती अडचणच नाही. एच-अल्फाचा (तेजोमेघांतल्या हायड्रोजनचा लाल) प्रकाश ६५६.३ नॅनोमीटरचा. मूळ कॅमेऱ्यातली काच त्यातला जेमतेम पाव हिस्सा आत सोडते, ती काढली की जवळजवळ सगळा आत येतो. फ्रेम लाल दिसणारच, त्यासाठीच तर काच काढली. रॉ फाइलला व्हाइट बॅलन्सचा काही फरक पडत नाही. स्क्रीनवर डोळ्यांना बरं दिसावं म्हणून राखाडी कागदावर कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या, एवढंच. एक गोष्ट मात्र बघाच: हिस्टोग्राम ब्राइटनेसचा न ठेवता आरजीबी ठेवा. एकत्रित हिस्टोग्राममध्ये डोंगर मध्यावर दिसतो आणि लाल चॅनल उजव्या भिंतीला टेकलेला असतो. तुमच्या सेटिंगला तेच होत असणार. आयएसओ ८००, एफ/२.८ करा. लाल डोंगराचा माथा डावीकडून एक तृतीयांशावर आला की पुरे.

आता फोकस. यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात.

पहिली कायमची. सेन्सरपुढची काच तिच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश इतका फोकस मागे ढकलत असते. एक मिलिमीटरची काच काढली आणि बदली बसवली नाही, तर फोकस सुमारे ०.३ मिलिमीटर लेन्सकडे सरकतो. म्हणून लेन्सवरची अनंताची खूण तुमच्यासाठी संपली, आणि व्ह्यूफाइंडरमधून होणारा ऑटोफोकसही. सॅमयांगची रिंग अनंताच्या पुढे फिरते म्हणून निभावतं. ज्या लेन्सची रिंग अनंतालाच अडते ती या कॅमेऱ्यावर ताऱ्यांवर फोकसच होणार नाही.

दुसरी गोष्ट रात्रभर चालू असते. एफ/२ ला फोकसची सहनशीलता (फोकस एवढा सरकला तरी चालतं) सगळी मिळून ११ मायक्रॉनच्या आसपास, एफ/२.८ ला २१, एफ/४ ला ४३. १३५ मिलिमीटर लांबीचं अ‍ॅल्युमिनियम ९ अंश थंड झालं की २८ मायक्रॉन आखडतं. लेन्स म्हणजे साधी नळी नव्हे, पण अंदाज येतो: नऊला लावलेला फोकस बाराला कसा टिकेल? थंडी किती आहे याने काही बिघडत नाही. पारा रात्रभर ५ अंशांवर अडकून बसला तर एकदाच फोकस करून झोपता येईल. बिघाड होतो तो पारा उतरत राहतो म्हणून. तुमच्या पहिल्या तीन तक्रारींचं मूळ एकच आहे.

करायचं असं. सामान सूर्यास्तालाच बाहेर मांडा, लेन्सला हवेच्या तापमानाला यायला तास द्या. हीटर लावणार असाल तर तो फोकसच्या आधी सुरू. व्याध किंवा राजन्य फ्रेमच्या मध्यावर घ्या, लाइव्ह व्ह्यू दहापट, बाहतिनोव मास्क (फोकस तपासायची खाचांची जाळी) पुढे. तिरक्या दोन रेघांची फुली दिसते आणि तिसरी रेघ रिंग हलवली की सरकते. ती फुलीच्या बरोबर मध्यातून गेली पाहिजे. लाइव्ह व्ह्यूवर विश्वास ठेवून थांबू नका. आयएसओ ६४०० ला १० सेकंदांची फ्रेम काढा आणि तीच झूम करून बघा, पाव मिलिमीटर रिंग इकडची तिकडे झाली तरी तिच्यात कळतं. मग रिंगवर कागदी चिकटपट्टी. आणि मास्क काढा! हा सल्ला पोरकट वाटेल, पण वीस फ्रेम मास्कसकट निघाल्याचं पहाटे कळतं.

त्यानंतर पारा दर दोन अंश उतरला की पुन्हा तपासणी. ट्रायपॉडला स्वस्तातला डिजिटल थर्मामीटर टांगा. तुमच्याकडे पहिल्या निम्म्या रात्रीत हे तासाभरात एकदा येईल, नंतर घसरण मंदावते. ताऱ्याला लाल कडा येणं म्हणजे फोकस एका बाजूला गेला, हिरवट-निळी म्हणजे दुसऱ्या. आपल्या लेन्सवर कोणत्या रंगाला रिंग कुठे फिरवायची ते एकदा बघून चिकटपट्टीवर बाण काढून ठेवा.

एफ/२.८ साठी लेन्सचा डायफ्रॅम लावला तर नऊ पाकळ्यांमुळे ठळक ताऱ्यांना अठरा किरणं फुटतात. त्याऐवजी डायफ्रॅम पूर्ण उघडा ठेवून पुढे ७७ ते ५२ ची स्टेप-डाउन रिंग लावा. आतलं भोक साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे एफ/२.७ आणि तारे गोल.

डार्कचं गणित छोटं आहे. सेन्सरचा डार्क करंट (अंधारातही उष्णतेमुळे साठणारा सिग्नल) दर ६ अंशांना साधारण दुप्पट होतो. सलग फ्रेम चालू असताना सेन्सर हवेपेक्षा दहाएक अंश गरम असतो. घरी २४ अंशांत काढलेला डार्क म्हणजे ३४ चा सेन्सर, रानात पहाटे १८ चा. सोळा अंशांचा फरक, म्हणजे सहापट गरम डार्क तुम्ही वजा करताय. हॉट पिक्सेलच्या जागी काळा खड्डा पडणारच. ६००डी प्रत्येक रॉ फाइलमध्ये कॅमेऱ्याचं तापमान लिहितो, एक्झिफटूलने वाचता येतं. लाइट फ्रेम (आकाशाच्या) त्यावरून गटांत वाटा आणि प्रत्येक गटाला दोन अंशांच्या आतले डार्क द्या. फ्रिजमध्ये कॅमेरा झिप पिशवीत घालून ३० डार्क काढले की थंड बाजूचा संच मिळतो. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंदच ठेवा, ते प्रत्येक फ्रेममागे तेवढाच वेळ खातं आणि अर्धी रात्र जाते.

दवबिंदू

तीन आणि चार माझ्याकडे.

हवा १० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असली की दवबिंदू ६.७ अंश. म्हणजे हवेला अजून तीन अंश वाव आहे, पण काचेला नाही. उघड्या आकाशाकडे तोंड करून बसलेली काच उष्णता वर फेकत राहते आणि हवेपेक्षा दोन-चार अंश खाली जाते. म्हणून हवा दवबिंदूच्या वर असतानाच लेन्स ओली होते. पहिला इलाज हूड: काचेला दिसणारं आकाश कमी करायचं. व्यासाच्या दीडपट लांबीचा, आतून काळा. योगा मॅटचा तुकडा आणि वेल्क्रो चालतं. नुसत्या हुडावर दव तासभर उशिरा येईल, टळणार नाही. तुमच्या जागी हीटर लागेलच.

हीटर घरी होतो. ३३० ओहमचे, एक वॅटचे १२ रेझिस्टर घ्या. दोन समांतर वायरींच्या मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे सोल्डर करा, दोन पायऱ्यांत २ सेंटिमीटर अंतर. तुमच्या लेन्सचा घेर २६ सेंटिमीटरच्या आसपास आहे, पट्टी बरोबर बसेल. १२ व्होल्टला एकूण ०.४४ अँपिअर, म्हणजे सव्वापाच वॅट. प्रत्येक रेझिस्टरवर ०.४४ वॅट येतो. पाव वॅटचे स्वस्त रेझिस्टर जळतील, अर्ध्या वॅटचे चटका देतील, म्हणून एकचा. प्रत्येक सांध्यावर श्रिंक स्लीव्ह, वर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी), त्यावर जुन्या मोज्याचं इलॅस्टिक. वायरीत एक अँपिअरचा फ्यूज घालायला विसरू नका. पट्टी पुढच्या काचेच्या लगेच मागे, हुडाच्या आत गुंडाळायची, फोकस रिंगवर चढू द्यायची नाही.

सोल्डरिंग नको असेल तर ५ व्होल्टची यूएसबी पट्टी मिळते. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३७ वॅट-तास, हातात येतात ३० च्या आसपास. सहा वॅटच्या पट्टीला पाच तास.

हीटर दव धरायच्या आधी सुरू करायचा, पहिल्या फ्रेमपासून, आणि रात्रभर एकाच जोरावर ठेवायचा. मध्येच कमीजास्त केलात तर वर सांगितलेला फोकस पुन्हा हलेल. दव धरलंच तर फडक्याने पुसू नका, धुळीसकट घासलं जातं. लांबून टॉर्च तिरका मारून बघत जा: स्वच्छ काच काळी दिसते, दव धरू लागलं की दुधाळ साय आल्यासारखी. फोटोत ते कळेपर्यंत आधीच्या दहा फ्रेम गेलेल्या असतात.

वीज. एलपी-ई८ बॅटरी ११२० एमएएच, म्हणजे आठ वॅट-तास. लिथियम-आयन थंडीत त्यातलंही पूर्ण देत नाही. बॅटरीच्या आकाराचा डमी कपलर घ्या आणि १२ व्होल्टवरून एलएम२५९६ चं बक मॉड्यूल (व्होल्टेज उतरवणारं) लावून ७.५ व्होल्ट द्या. मॉड्यूलचा स्क्रू कॅमेरा जोडण्याआधी मल्टिमीटर लावून फिरवायचा, वायरींची प्लस-मायनस दोनदा बघायची, मग स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब. यात आळस केला तर मॉडिफिकेशनपेक्षा महाग पडतं.

कॅमेरा ३, हीटर साडेपाच, ट्रॅकर आणि बारीकसारीक २ धरा: साडेदहा वॅट, आठ तासांना ८४ वॅट-तास. यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची लेड बॅटरी कागदावर नेमकी ८४ देते, पण तिला निम्म्याच्या खाली उतरवलं की ती वर्षभरात मरते. १२ एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, दीडशे वॅट-तास हाताशी राहतात. ट्रॅकरच्या चार पेन्सिल सेल अल्कलाइन नकोत, एनआयएमएच वापरा.

अर्धा_पिक्सेल

तिसरी_रेघ यांच्याशी फोकसवर शंभर टक्के सहमत, डार्कवर नाही. ज्या कॅमेऱ्याला कूलिंग नाही त्याचा सेन्सर एका रात्रीत २८ वरून १८ वर येतो. गट पाडून, फ्रिजमध्ये ठेवून जुळवत बसायचं आणि तरी अर्ध्या फ्रेमना डार्क तंतोतंत बसत नाही. ६००डी ला मी डार्क सोडूनच देईन: बायस (लेन्स झाकून कमीत कमी वेळाच्या फ्रेम), फ्लॅट (एकसारख्या उजेडाच्या फ्रेम), आणि डिदरिंग (फ्रेमांच्या मध्ये चित्र मुद्दाम थोडं हलवणं). तिरके ओरखडे तर डार्कने जातच नाहीत. ध्रुवीय जुळणीतल्या (ट्रॅकरचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखण्यातल्या) चुकीमुळे चित्र रात्रभर एकाच दिशेला सरकतं, सेन्सरचे डाग तिथेच राहतात, स्टॅक केलं (फ्रेम एकावर एक जोडल्या) की डागांच्या रेघा होतात.

गाइडिंगशिवाय डिदर करायचा तर असा. तुमची जुळवणी ४.३ मायक्रॉन पिक्सेल आणि १३५ मिलिमीटर, म्हणजे पिक्सेलला ६.६ कोनीय सेकंद. आकाश सेकंदाला १५ कोनीय सेकंद सरकतं. दर चार फ्रेमनंतर ट्रॅकिंग ५ सेकंद बंद करून पुन्हा सुरू केलं की चित्र ११ पिक्सेल हललं. पण प्रत्येक वेळी बंदच करत राहिलात तर ते पुन्हा एकाच दिशेचं सरकणं झालं. एकदा थांबवा, पुढच्या वेळी ट्रॅकरच्या बटणाने उलट बाजूला न्या, आणि माप बदलतं ठेवा: ४ सेकंद, ७, ५. प्रत्येक हलवण्यानंतर गिअरची ढिलाई भरून निघायला २० सेकंद सोडा. १२ ते १५ जागा मिळाल्या की सिरिल किंवा डीप स्काय स्टॅकरमध्ये सिग्मा क्लिपिंगने (बाकी फ्रेमांपेक्षा फार वेगळे पिक्सेल वगळून) हॉट पिक्सेल गाळले जातात. रोझेट विषुववृत्तापासून पाचच अंश उत्तरेला म्हणून हे आकडे चालतात. शर्मिष्ठेत, ६० अंशांवर, त्याच ५ सेकंदांत निम्मंच सरकेल.

ध्रुवीय जुळणीचा बाऊ करू नका. पाच कोनीय मिनिटांची चूक असली तर १२० सेकंदांत जास्तीत जास्त अडीच कोनीय सेकंद घसरण, अर्धा पिक्सेलही नाही. जुन्नरला ध्रुवतारा जेमतेम १९ अंशांवर असतो, उत्तरेला डोंगर आडवा येत नाही ना ते उजेडात बघून घ्या.

आणि मृग नक्षत्रातला मोठा तेजोमेघ, एम ४२, त्याच फ्रेममध्ये आला तर १२० सेकंदांत त्याचा गाभा जळणार. ५ आणि २० सेकंदांच्या वीस-वीस फ्रेम वेगळ्या काढून नंतर जोडा.

तिसरी_रेघ

डिदर केला तर डार्क नसले तरी चालतं, मान्य. पण मग तो वगळायचा नाही. तुम्ही सांगितलेला हाताने हलवायचा प्रकार तीन रात्रींनंतर लोक सोडून देतात, म्हणून डार्क सांगितले.

रोहिणीशकट

दोघांचंही पटतंय, आधी डिदर करून बघतो. अजून दोन शंका. जुन्नरहून पुण्याचा उजेड दक्षिणेला दिसतो, त्यासाठी ७ नॅनोमीटरचा ड्युअल-बँड फिल्टर (तेजोमेघांच्या प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे सोडणारा) घ्यायचा विचार आहे. तो कॅमेऱ्याच्या आत बसवू की लेन्सपुढे? आणि ऑक्टोबरअखेर लडाखला, हानलेला जायचं ठरतंय. तिथली थंडी वेगळीच असेल.

अर्धा_पिक्सेल

लेन्सपुढे. हे फिल्टर काचेवरच्या थरांच्या जोरावर चालतात, आणि किरण तिरका आला की त्यांची खिडकी निळ्या बाजूला सरकते. लेन्सच्या मागे एफ/२ ला कडेचा किरण १४ अंशांनी येतो, खिडकी जवळपास ५ नॅनोमीटर सरकते. सात नॅनोमीटरच्या खिडकीची अर्धी रुंदी साडेतीनच, त्यामुळे कडेच्या किरणांतला एच-अल्फा बाहेरच राहतो. एफ/२.८ ला अडीच, काठावर पास. लेन्सपुढे मात्र ताऱ्याचे किरण समांतर असतात. तिरपेपणा फक्त चित्राच्या कोपऱ्याचा, तुमच्या सेन्सरला साडेपाच-सहा अंश, आणि सरकणं एका नॅनोमीटरच्या आत.

दोन इंची फिल्टरचे आटे ४८ मिलिमीटरचे. ७७ ते ५२ आणि ५२ ते ४८ अशा दोन रिंगा लावा. फिल्टरच डायफ्रॅमचं काम करतो, एफ/२.९ मिळतो. दव आता फिल्टरवर धरणार, म्हणून हीटरची पट्टी रिंगांपर्यंत पुढे आणा. फोकस फिल्टर लावूनच, आणि प्रकाश कमी म्हणून एक्स्पोजर २४० सेकंद. फ्लॅटही फिल्टरसकट: पहाटेच्या आकाशाकडे तोंड, लेन्सवर पांढरा बनियन ताणून, एव्ही मोड, २५ फ्रेम, लेन्स-कॅमेरा जोडणी न सोडता.

ताऱ्यांच्या रंगांसाठी फिल्टरशिवाय अर्धा तास वेगळा काढा. मृगातल्या काक्षीचा तांबूस रंग ड्युअल-बँडमधून येत नाही.

उणे_वीस

कॅलगरीहून. इथे जानेवारीत उणे २० ला काम चालतं, हानलेच्या ऑक्टोबरला ते पुरून उरेल.

सेन्सरची चंगळ होईल. हवा उणे १० तर सेन्सर शून्याच्या आसपास. जुन्नरच्या १८ अंशांपेक्षा डार्क करंट आठपट कमी. डार्कचा वाद तिथे आपोआप मिटतो, बायस आणि डिदर पुरे.

बाकीच्या गोष्टी मात्र अडून बसतात. साध्या पीव्हीसीच्या वायरी काडीसारख्या कडक होतात, ट्रॅकर फिरताना कॅमेऱ्याला ओढतात आणि तारे लांबट येतात. १२ व्होल्टची वायर सिलिकॉनच्या आवरणाची घ्या, इंटरव्हॅलोमीटरच्या (ठरल्या वेळाने फोटो काढणाऱ्या रिमोटच्या) केबलला ढिला वळसा देऊन ट्रायपॉडला बांधा. स्वस्त इंटरव्हॅलोमीटरचा डिस्प्ले उणे १० च्या खाली इतका मंद होतो की आकडे वाचता येत नाहीत. तो खिशात गरम ठेवा किंवा कार्यक्रम खोलीतच लावून आणा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी थंडीत वीज देते, पण शून्याखाली ती चार्ज करायची नाही, पेशी कायमच्या खराब होतात. खोलीत आणा, दोन-तीन तास जाऊ द्या, मग चार्जर. रात्री ती थर्मोकोलच्या डब्यात असू दे. ट्रॅकरमधलं ग्रीस घट्ट होतं, म्हणून तो पहिल्या फ्रेमच्या अर्धा तास आधी फिरता ठेवा.

सगळ्यात मोठा घोटाळा परत येताना होतो. उणे १० चा कॅमेरा गरम खोलीत नेला की बाहेरून ओला होतोच, आतून सेन्सरवरही पाणी धरतं. बाहेरच, थंडीतच, झिप पिशवीत घाला, सिलिका जेलची दोन पाकिटं टाका, हवा दाबून काढा, मग आत न्या. पाणी पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरेल. चार तास पिशवी उघडायची नाही. मेमरी कार्ड हवं असेल तर ते आधीच काढून घ्या.

आणि वेळापत्रक बघा. ऑक्टोबरअखेर रोझेट पहाटे चारच्या आसपास माथ्याशी येतो, म्हणजे सगळ्यात थंड वेळेला. मध्यरात्रीला शर्मिष्ठेतले आयसी १८०५ आणि १८४८ हे तेजोमेघ डोक्यावर असतात, दोन्ही तुमच्या फ्रेममध्ये एकत्र मावतात. नंतर ययातीतला एनजीसी १४९९. तिघेही एच-अल्फाचेच. ट्रायपॉडच्या पायांखाली गोठलेली माती असेल तर लाकडी पाट ठेवा, पहाटे एक पाय खचला की जुळणी गेली.